रंग उडवणारे रिठेआप्पा

रिठेआप्पांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते आमच्या बैठकीच्या खोलीत पालथे पडून गालिचा चाटत होते. तिखटमीठ लावून सांगत नाही. साठीचा माणूस, डोक्याला पांढरा पटका, दोन्ही हात जमिनीला टेकलेले आणि जिभेचं टोक गालिच्याला. मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होते, तो हातातून सुटला आणि खोलीभर घरंगळत गेला. आप्पांनी मान वर केली, जीभ आत घेतली, जरा विचार केला आणि आईला म्हणाले, "वैनी, हितं ताक सांडलंय. लय जुनं हाय. आन त्या खिडकीखाली ल्हान पोरानं कारभार केलाय."

ते लहान पोर म्हणजे मी. सतरा वर्षांपूर्वीची. आई पदर तोंडाला लावून हसली आणि मला मात्र शरमेने कुठे तोंड लपवू असं झालं. मला बघायला पाहुणे यायचे होते, त्यासाठी तर गालिचा धुवायला काढलेला, आणि हा माणूस माझी असली कुंडली चव घेऊन सांगतोय!

त्यांचं खरं नाव आम्हाला ठाऊक नव्हतं. सांगलीत सगळे त्यांना रिठेआप्पाच म्हणत. बंडीच्या दोन्ही खिशांत कायम रिठे भरलेले, चालताना खुळखुळायचे. दुसरी मोठी लढाई संपून वर्ष झालं होतं, पण साबण अजून दुर्मीळ होता. आप्पांना मात्र साबण फुकट दिला तरी नको असे. साबण म्हटलं की ते तोंड असं वाकडं करायचे, जणू कुणी घरातल्याच माणसाची चहाडी केली. "लोकर म्हंजी केस हाय, ताई. तुमी डोक्याला सोडा लावता का? न्हाई न्हवं? मंग हिला कशाला?" असं म्हणून ते मूठभर रिठे काढून माझ्यापुढे धरायचे, जणू मी आजवर डोक्याला सोडाच लावत आले होते.

जीभ हे त्यांचं पहिलं हत्यार. खारट लागलं तर घाम किंवा मूत, त्याला नुसतं थंड पाणी, पुन्हा पुन्हा. आंबट लागलं तर ताक, आमटी. तिथे रिठ्याचं पाणी. तेल-तूप जिभेला कळत नाही, ते बोटाला कळतं, त्यावर ज्वारीचं पीठ पसरून दिवसभर ठेवायचं आणि मग झटकायचं. जीभ चुरचुरली तर आधी कुण्या शहाण्याने सोडा घातला आहे असं समजायचं आणि त्याच्या नावाने बोटं मोडायची. मी एकदा विचारलं, "आप्पा, किळस नाही येत?" तर माझ्याकडेच आश्चर्याने बघून म्हणाले, "डागाची कसली किळस? डाग म्हंजी कोण कवा बसलं, जेवलं, त्येची आठवण. त्येला वळखल्याबिगर घालवायचं म्हंजी पाप."

आमचा हळदीचा व्यापार. पेठेत खाली वखार आणि वर आम्ही. त्यामुळे घरात जे काही होतं ते पिवळट होतं, गालिचा तर विचारूच नका. आईने एकदा सतरंजीवरच्या हळदीला सोडा लावला होता, तर ती सतरंजी लालभडक होऊन बसली. सवाष्णीचं कपाळ झालं नुसतं! आप्पांनी ती सतरंजी पाहिली आणि कपाळावर हात मारून घेतला. हळदीला सोडा दाखवायचा नाही, हळद फक्त उन्हाला भिते, असं त्यांचं म्हणणं. पण उन्हाने गालिच्याचा लाल रंगही उडतो. मग ते काय करायचे, तर सगळ्या गालिच्यावर ओली पोती टाकायचे, हळदीचा डाग तेवढा उघडा ठेवायचे आणि शेजारी राखण करत बसायचे. ऊन सरकलं की पोतं सरकवायचं. पोरीबाळींना ऊन लागू नये म्हणून एखादी आई करील तसं ते चाललेलं असे. त्यांच्या हातून आजवर एकाही गालिच्याचा रंग गेला नव्हता, आणि हे ते दिवसातून दोनदा तरी ऐकवायचे. "बाकी माज्यात काय न्हाई, ताई. पर रंग जाऊ दिला न्हाई कुनाचा."

आता तो गालिचा. लाल जमीन, निळी फुलं, लाल काठ, पण हे सगळं ऐकीव. मी तो पाहिला तो काळपट-पिवळाच. माझ्या आज्जांना तो मिळालेला. "साहेबाने खूश होऊन दिला," असं अण्णा, म्हणजे माझे वडील, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. कुठला साहेब, कशाबद्दल खूश झाला, हे कुणी विचारत नसे. साहेबाने दिला म्हटलं की माणसं आपोआप जरा ताठ बसत. आज्जांना मी पाहिलं नाही. पण घरात त्यांच्या गोष्टी फार. आम्ही जैन, जीवजंतू जपणारे, पण आज्जांचं जपणं सगळ्यांच्या वर. मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून ते जन्मभर मान खाली घालून चालले म्हणे. त्यामुळे मानेला बाकच आला होता.

हा गालिचा चाळीस वर्षांत धुतलेला नव्हता. आईने विषय काढला की अण्णा ठाम नकार द्यायचे. त्यात लोकर खाणारी कसर आहे, धुतला की ते जीव मरतील, आज्जांच्या गालिच्यात ती हिंसा नको. आई गप्प बसायची. बैठकीत एका कोपऱ्यावर अण्णांची गादी आणि तक्क्या, ती जागा कधी बदलायची नाही. पण त्या वर्षी तासगावचे पाहुणे ठरले. मुलगा साताऱ्याला शिक्षक, घराणं तोलामोलाचं आणि करडं. आधी दोन ठिकाणी माझं जमता जमता मोडलं होतं. हेही मोडलं तर पुढच्या वर्षीपर्यंत कुणी दारात उभं राहणार नाही, हे आई मला रोज पोळी वाढताना सांगायची. अण्णा व्यापारासाठी आठवडाभर मुंबईला गेले आणि त्यांची गाडी सुटली न सुटली तोच आईने रिठेआप्पांना निरोप धाडला. आल्यावर स्वच्छ गालिचा पाहून ते खूशच होतील, असा तिचा हिशेब. कसरीचं मात्र तिच्याही मनात होतं. तिने आप्पांना आधीच बजावलं, एकही जीव मरता कामा नये.

"मरायचा न्हाई," आप्पा म्हणाले. मला वाटलं, बोलायचं म्हणून बोलतायत. पण त्यांनी गालिच्याखाली कडुनिंबाचा पाला पसरला, एका बाजूला अंधारात लोकरीच्या जुन्या चिंध्यांचा ढीग ठेवला आणि दोन दिवस तसंच सोडून दिलं. तिसऱ्या दिवशी पाहते तो काय, कसर आपल्या पायांनी त्या चिंध्यांत जाऊन बसलेली! आप्पांनी ते गाठोडं उचललं आणि दूर माळावर नेऊन सोडलं. मी तोंडात बोट घालून बघत राहिले. हे कुणी शिकवलं म्हणून विचारलं, तर म्हणाले, "माज्या उस्तादानं. तुमच्यातलाच हुता, जैन. कसरीला हात लावू द्यायचा न्हाई." आईला केवढा आनंद झाला! तिने त्या दिवसापासून त्यांना रोज जेवायला वाढायला सुरुवात केली.

गालिचा बैलगाडीतून कृष्णेवर नेला. आईचा जीव त्यात अडकलेला, म्हणून दुपारची भाकरी घेऊन मला पाठवायची आणि वर बघून यायला सांगायची. आप्पांचं काम बघणं म्हणजे सहनशक्तीची परीक्षाच. रिठ्याचं पाणी ओतायचं आणि बसायचं. मी म्हणायची, आप्पा, आता घासा की. ते म्हणायचे, "भिजू दे." तासाने विचारलं तरी, "भिजू दे." मग नारळाची अर्धी करवंटी घेऊन लव ज्या बाजूला झुकते त्याच बाजूला हलक्या हाताने पाणी ओढायचे. उलट्या बाजूने एकदा हात फिरवला म्हणून मला चापट मारायचेच बाकी राहिले होते. शेवटचं लिंबाचं पाणी, लाल रंग पक्का बसायला. नुसतं लिंबू थेंबभर उडालं तर मात्र तोच रंग जातो म्हणे. ते पाणी, त्यातले जीव मरू नयेत म्हणून, आईने गाळून घ्यायला सांगितलं होतं. मला वाटलं होतं हसतील, पण त्यांनी स्वतःच पटक्याचं टोक पुढे केलं. "गाळल्याबिगर मी पीतबी न्हाई," म्हणाले.

पाहुणे यायला दोन दिवस होते. मी भाकरी घेऊन गेले, तर आप्पा गालिच्याच्या एका कोपऱ्याशी उकिडवे बसलेले. गालिचा बघून मी जागच्या जागी थबकले. तो आमचा गालिचाच नव्हे! लाल, निळा, डोळे दिपावेत असा. मी काहीतरी कौतुक करू लागले, पण आप्पांचं लक्ष नव्हतं. काठाच्या लाल रंगात, अगदी कोपऱ्यात, पांढऱ्या ठिपक्यांची एक ओळ होती. ते बोट ठेवून मोजत होते. सात. पुन्हा मोजले. सात. मग मला विचारलं, "ताई, तुमचं आज्जा मान खाली घालून चालायचं का? मुंगीसाठी?"

मी हो म्हटलं. तुम्हाला कसं ठाऊक, असं विचारलं. आप्पा मटकन खडकावर बसले. मला वाटलं ऊन लागलं, मी पाणी पुढे केलं. तेही घेतलं नाही.

मग त्यांनी सांगितलं. आप्पा नऊ वर्षं इंग्रजी हद्दीतल्या तुरुंगात होते. कशासाठी ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. तिथे कैद्यांकडून गालिचे विणून घ्यायचे. गाठ कशी मारायची, डाग कसा ओळखायचा, कसर कशी जिवंत बाहेर काढायची, हे सगळं त्यांना शिकवलं एका जुन्या कैद्याने. गावच्या बांधावरून भांडण झालं होतं, त्याच्या हातून एक माणूस मेला होता, आणि तेव्हापासून तो मुंगीही चुकवून चालत असे. वर्ष पुरं झालं की तो कचेरीत अंथरलेल्या आपल्या पहिल्या गालिच्याच्या लाल काठात सुईने एक पांढरी गाठ मारायचा. पहारेकऱ्याला कळायचं नाही. सात गाठी झाल्या आणि तो सुटला. "सुटताना जेलच्या सायबानं त्येचाच गालिचा त्येला दिला," आप्पा म्हणाले. "खांद्यावर टाकून निघाला तवा मी बघत हुतो. सायबानं दिला ही तुमची गोष्ट खरीच हाय, ताई. कुठल्या सायबानं त्येवढं सांगितलं न्हाई कुनी."

मुंगी न मारणारे माझे आज्जा! मला रडूसुद्धा येईना. आणि मग, खोटं कशाला बोलू, आज्जांचं दुःख मनात यायच्या आधी तासगावचे पाहुणे मनात आले. एखाद्याने ते ठिपके पाहिले, कुणा जाणत्याने ओळखलं, तर? मी आप्पांना म्हटलं, त्या गाठी लाल रंगवून टाका. तुम्हाला काय अवघड आहे, तुमच्याकडे रंग आहे. त्यांनी मान हलवली. मी हात जोडले. मग चिडले, काही अद्वातद्वा बोलले. ते ऐकून घेत राहिले आणि शेवटी म्हणाले, "एकेक वरीस हाय त्येचं ते. त्येनं भोगल्यालं. मी कसा पुसू? पर माज्या तोंडातनं कुनाला कळायचं न्हाई. उस्तादाची आन."

घरी येऊन आईला काही बोलले नाही. पाहुण्यांच्या दिवशी सकाळी आप्पांनी गालिचा अंथरला, लव नीट बसवली, तेव्हा मी अण्णांची गादी उचलून बरोबर त्या कोपऱ्यावर टाकली. ती नेहमी तिथेच असायची हे त्या घटकेला माझ्या ध्यानात आलं, पण त्याचा अर्थ डोक्यात शिरला नाही. आप्पा काम झाल्यावर निघणार होते, पण आईने सोडलं नाही. ओसरीत त्यांचं ताट मांडायला घेतलं.

अण्णांची गाडी उशिरा आली. पाहुणे आधीच येऊन बसले होते. मुलाचा काका चांगला दांडगा माणूस, त्याला खिडकीचा वारा हवा होता. मी पोह्यांच्या बशा घेऊन आत येते तोच त्याने ती गादी हिसकून खिडकीकडे ओढली. कोपरा उघडा पडला. आणि त्याच क्षणी दारात अण्णा उभे राहिले. अंगावर प्रवासाची धूळ, हातात पिशवी. त्यांची नजर गालिच्यावर गेली, गालिच्यावरून कोपऱ्यावर गेली आणि त्यांचा चेहरा हळदीपेक्षा पिवळा पडला. मला वाटलं, गालिचा धुतल्याचा राग.

काकाने वाकून बोट लावलं. "गालिचा झकास आहे हो. पण हे पांढरं कसलं?"

मी हातातल्या बशा खाली ठेवल्या. अण्णांनी वळून ओसरीकडे पाहिलं. आप्पा जेवायला बसणार, तसेच अर्धवट उभे होते. अण्णा कधी कुणाला अरे-तुरे न करणारे, आजवर हमालाशीही अहो-जाहोने बोललेले. ते ओरडले, "लिंबू उडवलंस ना? रंग उडवलास माझ्या वडिलांच्या गालिच्याचा!"

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी मान खाली घातली. हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. एक वाक्य बोलले असते तर तो माणूस वाचला असता, पण मी गालिच्याच्या निळ्या फुलाकडे बघत उभी राहिले.

"व्हय, मालक," आप्पा म्हणाले. "लिंबू उडालं. रंग गेला माज्या हातनं. माजी चूक."

अण्णांनी त्यांना चालते व्हायला सांगितलं. आई मधे पडायला गेली, तिलाही गप्प केलं. आप्पा वाढलेल्या ताटाला हात जोडून निघून गेले. काका चुकचुकला, हल्ली कारागीर असेच म्हणाला, आणि विषय दुसरीकडे गेला. माझं लग्न ठरलं.

सांगलीत बातमी पसरायला दोन दिवसही लागले नाहीत. रिठेआप्पाचा हात गेला, म्हातारा झाला, रंग उडवतो. ज्या बायका त्यांच्यासाठी महिना महिना थांबायच्या त्यांनी दार लावून घेतलं. महिन्याभरात आप्पा सांगली सोडून कडेगावकडच्या आपल्या गावी गेल्याचं कानावर आलं. जाताना नदीवर आपल्या सगळ्या करवंट्या ओळीने ठेवून गेले, असं धोबी सांगत होता. ते ऐकून मी न्हाणीघरात जाऊन रडले. पण बाहेर येऊन हळदीला बसायची तयारी केली, हेही तितकंच खरं.

गालिचा अण्णांनी मलाच दिला. रंग उडालेला गालिचा घरात नको म्हणाले. मी साताऱ्याला संसार मांडला. पुढे सांगली संस्थान विलीन झालं. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात अण्णा पहिल्यांदाच माझ्याकडे चार दिवस राहायला आले. आई तोवर गेली होती. मी गालिचा नुकताच धुतला होता. आप्पांसारखाच, रिठे, करवंटी आणि पोती. अण्णा आत आले, कोपऱ्यातल्या सात ठिपक्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "तिथे काहीतरी ठेव ना, सुमती. ट्रंक ठेव."

काय झालं मला कोण जाणे. तीन वर्षं दाबून ठेवलेलं एकदम वर आलं. मी म्हटलं, अण्णा, ते लिंबू नाही. ती आज्जांची वर्षं आहेत. मला सगळं ठाऊक आहे.

मला वाटलं होतं अण्णा कोसळतील. ते कोसळले नाहीत. खुर्चीवर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि शांतपणे म्हणाले, "मलाही ठाऊक होतं. सहा वर्षांचा असल्यापासून. आईचं बोट धरून तुरुंगाच्या दाराशी जायचो मी. सुटून आल्यावर त्या गाठी वडिलांनीच मला दाखवल्या होत्या."

आता कोसळायची पाळी माझी होती. म्हणजे कसर, हिंसा, चाळीस वर्षं न धुणं, त्या कोपऱ्यावरची ती गादी! आणि लिंबू! ते रागाने नव्हे, पूर्ण जाणूनबुजून बोलले होते. समोर उभ्या असलेल्या माणसाच्या हातचा रंग गेलेला नाही हे पक्कं ठाऊक असताना! अण्णा खाली बघत म्हणाले, तुझं लग्न मोडलं असतं. आणि त्याला काय, चार दिवस लोक बोलतील आणि विसरतील, असं वाटलं होतं. फक्त त्याने हो का म्हटलं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. कारागीर माणूस, त्याने भांडायला हवं होतं.

मग मी ते सांगितलं. की आप्पा तिथलेच होते. की कसर, करवंटी, जीभ, सगळं त्यांना आज्जांनी शिकवलं होतं. की आप्पांनी उस्तादासाठी हो म्हटलं. अण्णांनी टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली, पुन्हा काढली. त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीने आम्ही दोघं कडेगावकडे निघालो.

गावात रिठेआप्पा म्हणून कुणी ओळखेना. सांगलीला गालिचे धुवायचे ते, असं म्हटल्यावर एकाने ज्ञानूचं घर दाखवलं. ज्ञानू! इतक्या वर्षांत मी त्यांचं नाव विचारलं नव्हतं. घराच्या दारात एक म्हातारी शेंगा फोडत बसली होती, शेजारच्या दोघी बायका हाताला हात लावत होत्या. ते मागच्या माघात गेले, असं तिनेच सांगितलं. ती त्यांची बायको.

अण्णा अंगणात तसेच उभे राहिले. म्हातारीने आम्हाला घोंगडं टाकून बसवलं आणि पाणी आणलं. तांब्याच्या तोंडाला चौघडीचं फडकं लावून ती पाणी दुसऱ्या भांड्यात गाळत होती. अण्णा एकटक बघत होते. त्यांनी विचारलं, पाणी गाळून का? ती म्हणाली, "त्यांनी लावल्याली सवय. त्यांचा उस्ताद गाळल्याबिगर प्यायचा न्हाई म्हनं. मंग आमच्यातबी कुनी पीत न्हाई."

अण्णांनी भांडं हातात घेतलं, पण ओठाला लावेनात. म्हातारीने आम्ही कुठले ते विचारलं. सांगलीचे, हळदीचे, असं मी सांगितलं आणि तिचा चेहराच बदलला. हातातल्या शेंगा खाली टाकून ती उठली. "तुमीच व्हय ते? त्यांनी सांगितलं हुतं मला. सांगलीत एका भल्या मानसाच्या गालिच्याचा रंग माज्या हातनं गेला म्हनून. तवापासनं करवंटी हातात धरली न्हाई बगा. जाईपतुर मनातनं गेलं न्हाई त्यांच्या." आणि ती अण्णांच्या पायाशी वाकली. "त्यांच्या वतीनं मी पाया पडते. राग धरू नगा, मालक."

स्वतःच्या बायकोलासुद्धा त्यांनी खरं सांगितलं नव्हतं! उस्तादाची आण, ती घरातही पाळली. मी तोंडावर हात दाबून धरला.

अण्णा झटकन मागे सरले. मग खाली बसले, घोंगड्यावर नाही, मातीत, तिच्यासमोर. त्या दोघी बायका ऐकत होत्या, दारातून जाणारा एक माणूस थांबला होता. अण्णांना ते दिसत होतं. जन्मभर ज्या वाक्यावर गादी टाकून बसले होते ते वाक्य त्यांनी मोठ्याने उच्चारलं.

"बाई, पाया मी पडायचं. माझे वडील खुनासाठी सात वर्षं तुरुंगात होते. तुमच्या मालकांचे उस्ताद ते. गालिच्यावर पांढरं आहे त्या त्यांनी मारलेल्या गाठी आहेत. लिंबू उडालं नव्हतं. माझ्या अब्रूसाठी खोटं मी बोललो, आणि माझ्या वडिलांसाठी त्यांनी ते अंगावर घेतलं."

मला वाटलं, आता शिव्याशाप देईल, आणि द्यायलाच हवेत. ती अण्णांकडे बघत होती, पण ऐकलेल्यातलं एवढं सगळं तिने जणू बाजूला सारलं होतं. तुरुंग नाही, खून नाही, खोटंही नाही. तिला एकच हवं होतं.

"म्हंजी रंग न्हाई गेला?"

"नाही," अण्णा म्हणाले.

"जरासुदीक?"

"नाही. आजही तसाच आहे."

तिने पदराने डोळे पुसले. शेजारणींकडे वळली, आणि त्या अगदी जवळ बसलेल्या असूनही सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ऐकलंसा न्हवं? रंग न्हाई गेला. त्यांच्या हातनं न्हाई गेला."